खो-खोचा संघ असतो, तसा गणित-विज्ञानाचाही संघ शाळेत हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड, म्हणजे शाळकरी मुलांसाठीच्या गणित-विज्ञानाच्या जागतिक स्पर्धांचे निकाल लागतात आणि तिरंगा हाती घेतलेल्या पाच-सहा मुलांचे छायाचित्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते. २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे झालेल्या गणित ऑलिम्पियाड स्पर्धेत भारतीय संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवून चौथा क्रमांक पटकावला. आपला देश १९८९ पासून या स्पर्धेत उतरतो आहे, आणि तोवरच्या वाटचालीतील ही सर्वोत्तम कामगिरी होती. त्याआधीच्या वर्षी जीवशास्त्राच्या स्पर्धेत आपल्या चारही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके आणली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तर खगोलशास्त्राची ऑलिम्पियाड स्पर्धा मुंबईतच भरली आणि जगभरातील शाळकरी मुले आपल्या राज्यात येऊन गेली. आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेल्या माझ्यासारखीला या बातम्या वाचून जो आनंद होतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे, आणि या पत्रात पुढे जे लिहिते आहे त्यातून त्या मुलांच्या यशाला कणभरही उणेपणा येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. प्रश्न वेगळा आहे. देशाचा संघ आहे, पण शाळेचा संघ कुठे आहे?

देशाचा संघ कसा निवडला जातो, हे वाचकांना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक मुख्याध्यापकांनाही त्याची नीट माहिती नसते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि कनिष्ठ विज्ञान या विषयांची पहिली परीक्षा ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स’ ही शिक्षकांची संघटना नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घेते. त्यातून निवडलेल्या विद्यार्थ्यांची दुसरी परीक्षा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते, आणि त्यातूनही पार पडलेली मोजकी मुले उन्हाळ्यात मुंबईतील मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिरासाठी जातात. शेवटचा संघ तेथे ठरतो. गणिताची वाट स्वतंत्र आहे. तिची पहिली परीक्षा सप्टेंबरच्या सुमारास असते, मग प्रादेशिक आणि नंतर राष्ट्रीय. ही सारी व्यवस्था प्रामाणिक आहे, प्रश्नपत्रिका उत्तम असतात आणि मानखुर्दच्या शिबिरात मिळणाऱ्या मार्गदर्शनाची बरोबरी करणारे दुसरे ठिकाण देशात क्वचितच असेल. मात्र ही व्यवस्था निवड करते. तयार झालेल्या मुलांमधून ती सर्वांत तयार असलेली मुले वेचते. मुले तयार करण्याचे काम तिच्याकडे कधी नव्हतेच. ते शाळांकडून अपेक्षित होते, आणि शाळांनी ते केले नाही, म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते खासगी क्लासच्या हाती गेले.

आज आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ नावाचे वर्ग शहरांत चालतात आणि ऑलिम्पियाडची तयारी ही पुढील आयआयटी प्रवेशाच्या तयारीची पहिली पायरी म्हणून तेथे करून घेतली जाते. ज्या घराला त्या वर्गाची फी परवडते आणि ज्या घरापासून तो वर्ग जवळ आहे, त्या घरातील हुशार मूल पहिल्या परीक्षेला बसते. सातारा जिल्ह्याच्या पाटण किंवा जावळी तालुक्यातील तितक्याच हुशार मुलाला अशी परीक्षा असते हेच ठाऊक नसते. परीक्षेचे शुल्क क्लासच्या फीच्या तुलनेत नगण्य आहे, अर्जही ऑनलाइन भरता येतो. अडचण पैशाच्याही आधी माहितीची आणि सोबतीची आहे. एकट्या मुलाला असल्या प्रश्नांशी झुंजण्याची उमेद फार दिवस टिकवता येत नाही. त्याला बरोबरीचे तीन-चार सवंगडी लागतात आणि आठवड्यातून एकदा ‘कुठवर आलं?’ असे विचारणारे एक मोठे माणूस लागते.

संघ या शब्दाने मला हेच अभिप्रेत आहे. गणिताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सहा मुलांचा संघ जातो खरा, पण प्रत्येक जण दोन दिवस साडेचार-साडेचार तास एकटाच बसून तीन-तीन प्रश्न सोडवतो. देशांचा क्रमांक म्हणजे सहा जणांच्या गुणांची नंतर केलेली बेरीज. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड स्पर्धेचे स्वरूप मात्र मला अधिक शहाणपणाचे वाटते. ही स्पर्धा २०१३ च्या डिसेंबरात आपल्या पुण्यात झाली होती. तिच्यात दोन लेखी परीक्षा प्रत्येकाने स्वतंत्र द्यायच्या असतात, पण प्रयोगाच्या परीक्षेत सहा जणांचे तीन-तीनचे दोन गट पडतात आणि शंभरपैकी चाळीस गुण त्या गटाच्या कामावर अवलंबून असतात. कोणी काय मोजायचे, कोणी नोंद ठेवायची, दोघांचे मत जुळले नाही तर काय करायचे, हे त्या मुलांनी आपसात ठरवायचे असते. असे काम एका रात्रीत शिकता येत नाही.

माझ्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववी-दहावीची काही मुले प्रयोगशाळेत थांबत असत. एकदा तिघांचा गट साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण (‘जी’) काढत होता. दोऱ्याची लांबी एक मीटर. एकाने गोळा सोडायचा आणि आंदोलने मोजायची, दुसऱ्याने स्टॉपवॉच सांभाळायचे, तिसरीने वहीत लिहायचे. वीस आंदोलनांना ३८.१ सेकंद आले आणि ‘जी’ची किंमत निघाली १०.९. नेहमीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला अशा वेळी काय होते, हे प्रत्येक विज्ञान शिक्षकाला माहीत आहे: पुस्तकातील ९.८ पाहून प्रयोगवहीतील आकडे मागून जुळवले जातात आणि पस्तीस मिनिटांची तासिका संपते. त्या दिवशी तासिका नव्हती. मुलांनी आधी दोऱ्याला दोष दिला आणि पट्टीने पुन्हा मोजला, गाठीपासून की गोळ्याच्या मध्यापासून यावर वाद घातला. मग स्टॉपवॉचला दोष दिला आणि ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. बऱ्याच वेळाने, आतापर्यंत गप्प बसून लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘तू गोळा सोडतानाच एक म्हणतोस.’ म्हणजे वीस म्हणेपर्यंत आंदोलने एकोणीसच झालेली असत. सोडताना शून्य म्हणून पुन्हा मोजले, तेव्हा चाळीस सेकंदांहून किंचित जास्त वेळ आला आणि उत्तर ९.८ च्या आसपास स्थिरावले. एका आकड्याची चूक वेळेत पाच टक्के आणि उत्तरात दहा टक्क्यांहून अधिक फरक का पाडते, हा पुढचा प्रश्न त्या मुलांनी स्वतःहून विचारला आणि सूत्रात वेळेचा वर्ग येतो हे लक्षात घेऊन त्याचे उत्तरही स्वतःच काढले. मी बाजूला उभी होते. दहावीच्या वर्गाला वर्षभर शिकवूनही जे साधत नाही, ते तिघांच्या गटात दोन तासांत साधले, याचे कारण तेथे घाई नव्हती, गुण नव्हते आणि एकमेकांचे ऐकून घेणारी माणसे होती.

आपल्या शाळांना संघ बांधता येत नाहीत, असे कोणी म्हणू नये. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलचे संघ आपल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या बांधत आल्या आहेत. जून-जुलैत निवड होते, सकाळी शाळेआधी सराव होतो, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी शासनाचीच शिडी आहे, क्रीडाशिक्षकाचे ते मान्य काम आहे, आणि हरलेला संघही पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, कारण नववीतील खेळाडू दहावीत गेले तरी आठवीतील तयार असतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, चित्रकलेच्या शासकीय परीक्षांनाही मिळतात. गणित-विज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण परीक्षा पुष्कळ घेतो आणि सराव मुळीच घेत नाही. शासनाच्या शिष्यवृत्ती परीक्षा, गणित अध्यापक मंडळाच्या प्रावीण्य व प्रज्ञा परीक्षा, सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या सगळ्या चांगल्या आहेत. बालवैज्ञानिक स्पर्धेत तर लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे आहेत, म्हणून तिच्याविषयी मला विशेष आदर आहे. तरीही या सर्वांत मूल एकटे बसते, एकटे पास होते किंवा एकटे मागे पडते, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते सारे संपते.

विज्ञान प्रदर्शनाची शिडीही तालुक्यापासून राज्यापर्यंत आहे. तेथे काही शिक्षक आणि मुले अतिशय निष्ठेने काम करतात, हे मी पाहिले आहे. परंतु बाजारातून आणलेल्या तयार मॉडेलला रंग देऊन, पाठ केलेली माहिती सांगणाऱ्या मुलांची रांगही मी तितकीच पाहिली आहे. परीक्षकांनी ‘हे असे का होते?’ असा एक प्रश्न विचारला की मुले शिक्षकांकडे पाहू लागतात.

आणखी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. ‘ऑलिम्पियाड’ हे नाव लावून अनेक खासगी संस्था शाळाशाळांतून परीक्षा घेतात, पुस्तकांचे संच विकतात आणि जवळजवळ प्रत्येक मुलाला काही ना काही पदक देतात. वर वर्णन केलेल्या राष्ट्रीय निवडप्रक्रियेशी त्यांचा कोणताही संबंध नसतो. एका पालकांनी अशी सात-आठ पदके माझ्यासमोर टेबलावर मांडून ‘आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेला कधी पाठवायचे?’ असे विचारले होते. त्या पालकांचा यात काही दोष नव्हता. खरी माहिती शाळेने द्यायला हवी होती, आणि शाळेने ती दिली नाही, एवढेच नव्हे तर त्या परीक्षांची वर्गणी शाळेच्याच खिडकीवर जमा होत होती.

गरीब घरातील, मराठी माध्यमातील मुलांना हे झेपणार नाही, असे म्हणणारे लोक मला शिक्षकांच्या खोलीतही भेटले आहेत. त्यांना मी एका जुन्या कामाची आठवण करून देऊ इच्छिते. आज ऑलिम्पियाडचे संघ जेथे घडवले जातात, त्याच होमी भाभा केंद्राने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत नियमित, शाळेबाहेरचे मार्गदर्शन दिले होते. ती मुले शालान्त परीक्षेत चमकली. बुद्धी होतीच, भाषेची अडचण दूर केली, प्रश्न विचारायला जागा दिली आणि सातत्य राखले, इतकेच त्या कामात वेगळे होते. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत जे करून दाखवले गेले, ते आज साताऱ्यात, बीडमध्ये किंवा गडचिरोलीत करून पाहायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

भाषेचा मुद्दा तर मला फार महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेत विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका त्याच्या भाषेत मिळते. संघांबरोबर आलेले मार्गदर्शक प्रश्नांची भाषांतरे करतात, आणि चीन, जपान, व्हिएतनाम, इराण येथील मुले आपापल्या भाषेत उत्तरे लिहून सुवर्णपदके घेऊन जातात. आपल्याकडे जेईई मेन आणि नीट या प्रवेश परीक्षा आता मराठीतही देता येतात. मग ऑलिम्पियाडच्या तयारीचे जवळजवळ सगळे साहित्य, म्हणजे जुन्या प्रश्नांची उकल, प्रयोगांच्या पुस्तिका, व्याख्याने हे इंग्रजीतच का असावे? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान लिहीत-बोलत आली आहे, पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने गणित ऑलिम्पियाडच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले आहे; या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या तर तालुक्याच्या शाळेतील संघाला पुरेल इतके मराठी साहित्य दोन-तीन वर्षांत सहज उभे राहील.

मुलींच्या बाबतीत शाळेचा संघ हा सोयीचा नव्हे तर एकमेव मार्ग आहे. संध्याकाळी सात वाजता सुटणाऱ्या क्लासहून एसटीने गावी परतायचे म्हटले की नववीतील मुलीचे नाव घरातूनच मागे घेतले जाते. मुलींसाठी असलेल्या युरोपीय गणित ऑलिम्पियाड स्पर्धेत भारत २०१५ पासून चार जणींचा संघ पाठवतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्या चार जागांपर्यंत पोहोचण्याची वाट शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या आवारात सुरू झाली नाही, तर खेड्यातील मुलीला ती दिसणारही नाही.

या संघांना सवलतीचे गुण द्यावेत, असे माझे काही सहकारी सुचवतात. मला ते मान्य नाही. गुण आले की प्रमाणपत्रे येतात, प्रमाणपत्रांमागे दलाल येतात आणि विज्ञान प्रदर्शनाचे जे झाले तेच येथेही होईल. संघाला द्यायचे असेल तर वेळ द्यावा, जागा द्यावी आणि शिक्षक द्यावा. आठवड्यातून दोन सलग तासिका वेळापत्रकात राखून ठेवाव्यात आणि त्या शिक्षकाच्या कार्यभारात मोजल्या जाव्यात. आज उत्साही शिक्षक स्वतःच्या वेळात हे करतो, आणि मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांचा भार वाढला की सर्वांत आधी तेच बंद पडते. प्रयोगशाळा परिचराचे पद रिक्त असेल तर प्रयोगशाळेचे कुलूप उघडत नाही, ही अनेक शाळांतील आजची स्थिती आहे, आणि त्यावर कोणत्याही योजनेने उत्तर शोधलेले मला दिसले नाही.

मी काही नवे मागते आहे असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा, शाळा संकुल आणि जिल्हा पातळीवर विज्ञान, गणित इत्यादी विषयांची मंडळे असावीत, तसेच ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धा शाळेपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत नीट जोडलेल्या असाव्यात आणि त्या ग्रामीण भागात व प्रादेशिक भाषांत पोहोचाव्यात, असे लिहिलेले आहे. धोरणावर चर्चासत्रे पुष्कळ झाली, हा मजकूर मात्र त्यांत क्वचितच निघाला. जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी जुलै महिन्यात एक परिपत्रक काढून प्रत्येक माध्यमिक शाळेला या परीक्षांच्या नोंदणीची माहिती द्यावी, आणि प्रत्येक तालुक्यात ज्या दोन-तीन शाळांच्या प्रयोगशाळा चालू स्थितीत आहेत तेथे आसपासच्या शाळांच्या संघांना महिन्यातून एक शनिवार एकत्र बसू द्यावे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. तालुक्याचे विज्ञान महाविद्यालय जवळ असेल तर तेथील पदवीचे विद्यार्थी या मुलांबरोबर बसू शकतील. १९३० च्या दशकात मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये शाळकरी मुलांची गणित मंडळे अशीच विद्यापीठांच्या आधाराने उभी राहिली, आणि त्यांच्या जोडीनेच तेथील स्पर्धा वाढल्या. स्पर्धेच्या जोडीला मंडळ, ही सांगड मला ध्यानात ठेवण्याजोगी वाटते.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाला. हंगेरीत १८९४ साली माध्यमिक शाळांतील मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू झाले. त्यात दर महिन्याला प्रश्न छापले जात, मुले घरून उत्तरे पाठवत, आणि उत्तम उकल त्या विद्यार्थ्याच्या नावासह पुढील अंकात प्रसिद्ध होई. तेव्हापासून, महायुद्धांच्या काळातील खंड सोडला तर, ते मासिक आजही चालू आहे आणि त्या लहानशा देशाने जगाला दिलेल्या गणितज्ञांपैकी कित्येक जण शाळेत असताना त्याचे उत्तरदाते होते. आपल्या शैक्षणिक पुरवणीत महिन्यातून एकदा गणित आणि विज्ञानाचे पाच-सहा प्रश्न मराठीतून द्यावेत, उत्तरे एकट्या विद्यार्थ्याकडून न घेता शाळेच्या तिघा-चौघांच्या संघाकडून मागवावीत, आणि चांगली उकल त्या शाळेच्या व गावाच्या नावासह छापावी. प्रश्न काढण्यासाठी आणि आलेली उत्तरे तपासण्यासाठी या भागातील आम्ही काही निवृत्त गणित व विज्ञान शिक्षक विनामूल्य काम करण्यास तयार आहोत. जूनमध्ये शाळा सुरू होताना पहिले प्रश्न छापले गेले, तर सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या परीक्षांपूर्वी मुलांच्या हाती तीन-चार महिन्यांचा सराव येईल. आपला होकार कळल्यास पहिल्या तीन महिन्यांचे प्रश्न, उत्तरांसह, आम्ही मेअखेर आपल्या कार्यालयात पोहोचते करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड (जि. सातारा)